गिटारची मान

मराठीत 'मान' या एका शब्दावर केवढा भार आहे! मान ताठ असते, मान खाली जाते, कुणापुढे ती तुकवावी लागते आणि कुणाला तो द्यावा लागतो. गाणे आवडले की आपण मान डोलावतो. पण वाद्याचीच मान डोलू लागली तर? गेले सात महिने मी याच एका प्रश्नाच्या मागे लागलो आहे. वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. ही मान कुण्या सुंदरीची नाही, एका जुन्या गिटारची आहे.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात कविता लिहावी, फार तर सहलीचे वर्णन लिहावे, असा आपल्याकडचा रिवाज आहे. लाकूड, लोखंड, सरस हे विषय आयटीआयच्या मुलांचे, असे माझ्या एका मित्राने मला ऐकवलेही. मी त्याला एवढेच म्हणालो, की मराठीच्या तासाला आपण आशय आणि अभिव्यक्ती यांचा झगडा शिकतो ना, तसाच झगडा गिटारच्या मानेत तार आणि लाकूड यांचा चाललेला असतो. तो हसला. पण मी काही फारसे खोटे बोललो नव्हतो.

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. आजोबा भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात गावचे सुतार होते. नांगर, वखर, बैलगाडीची चाके हा त्यांचा विषय. बाबा तरुणपणी नागपूरला आले आणि लकडगंजात कामाला लागले. आरामशिनीचा आवाज आणि ओल्या भुश्याचा वास यांच्या सोबतीने त्यांची पस्तीस वर्षे गेली. या पस्तीस वर्षांत त्यांनी लोकांच्या घरांच्या चौकटी केल्या, पलंग केले, देव्हारे केले. आम्ही मात्र अजून भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. हल्ली प्लायवूडच्या आणि तयार दारांच्या दिवसांत त्यांच्या हाताला काम कमीच असते. पण घरात एक नियम अजूनही पक्का आहे. मी हत्याराला हात लावायचा नाही! "तुह्या हातात पेन शोभते," असे म्हणून बाबा माझ्या हातातली पटाशी काढून घेत. लहानपणी मला ढलप्यांशी खेळायची परवानगी होती, रंध्याशी नव्हती.

अशा घरात गिटार आली ती भंगारवाल्याकडून, साडेतीनशे रुपयांत. गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात एका मुलाने गिटार वाजवली तेव्हापासून माझ्या मनाने ते वाद्य घेतले होते. नवीन घेण्याची ऐपत नव्हती. भंगारातल्या या गिटारचे पोट शाबूत होते. मान मात्र डोक्याच्या जरा खाली मोडलेली होती आणि उरलेली पिळवटलेल्या धोतरासारखी मुरगळली होती. मोडलेली मान पाहून बाबा पहिल्यांदा त्या वाद्याजवळ बसले. भेग पाहिली आणि म्हणाले, "मोडणारच होती बाप्पा. रेषा आडवी कापली."

हे त्यांनी कोणत्याही पुस्तकाशिवाय सांगितले. गिटारचे डोके मानेच्या रेषेत नसते. ते साधारण तेरा ते पंधरा अंशांनी मागे कललेले असते, म्हणजे तारा नटवर घट्ट बसतात. आता एकाच फळीतून मान आणि कललेले डोके कापले, की डोक्याच्या बुडाशी लाकडाच्या रेषा तिरप्या तुटतात. तिथे लाकूड लांबीने सलग उरत नाही. एक धक्का बसला की काम आटोपले. यावर उपाय म्हणजे मानेची फळी तिरपी कापायची, कापलेला तुकडा उलटा करून चिकटवायचा आणि त्याचेच डोके करायचे. असे केले की मानेत आणि डोक्यात, दोन्हीकडे रेषा लांबीला लांबी धावतात. वाशाची लांबी वाढवताना सुतार जो तिरका सांधा करतो त्याचाच हा धाकटा भाऊ.

पण सांधा नंतरचा. आधी लाकूड कोणते?

त्यासाठी मानेवर ओझे किती हे पाहावे लागते. लोखंडी तारांच्या साध्या गिटारच्या सहा तारा सुरात लावल्या की त्यांचा एकत्रित ताण सुमारे सत्तर किलो होतो. नायलॉनच्या तारांची गिटार असेल तर तो चाळीस किलोंच्या आसपास. म्हणजे एखादे मध्यम बांध्याचे प्राध्यापक रात्रंदिवस त्या मानेला लोंबकळत आहेत, असे समजा. (प्राध्यापक मंडळींनी राग मानू नये.) हा भार जड फर्निचरच्या भारासारखा खाली दाबत नाही, तो मानेला पुढच्या बाजूला, तारांकडे वाकवतो. आणि सुटी कधीच देत नाही.

परदेशी पुस्तकांत मानेसाठी मॅहोगनी नाही तर मेपल सांगितलेले असते. नागपुरात बसून होंडुरासच्या मॅहोगनीची स्वप्ने पाहण्यात अर्थ नव्हता. शिवाय ते झाड आता आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत आहे. आणि आपण कुठे राहतो? जगभर 'सीपी टीक' म्हणून जो साग विकला जातो त्यातला सीपी म्हणजे आपलाच जुना मध्यप्रांत, ज्याची राजधानी नागपूर होती. दिल्लीतल्या नव्या संसद भवनाचे उद्घाटन २८ मे २०२३ रोजी झाले. तिथल्या कामासाठी सागवान नागपूरहून गेले. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठीचा साग त्याच वर्षी मार्चमध्ये बल्लारपूरहून निघाला. ज्या गावातून देशाच्या संसदेला लाकूड जाते त्या गावात एका गिटारपुरती फळी मिळू नये?

गावातल्या लाकडांची मी यादी केली. साग: घनमीटरला साधारण ६५० किलो, तेलकट, वाळवीला न जुमानणारा, ओलाव्याने फार न हलणारा. शिवण: सागापेक्षा हलकी आणि स्वभावाने शांत, वाळताना वाकडेपणा करत नाही, म्हणून वाद्ये बनवणाऱ्यांची जुनी आवडती. शिसवी: देखणी, पण घनमीटरला आठशे किलोंच्या वर, अख्खी मान तिची केली तर गिटार डोक्याकडून खाली कलंडेल. तिच्यावरही २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियंत्रण आहे. आणि आपला तेंदू! उन्हाळ्यात गडचिरोली-गोंदियाकडे ज्याच्या पानांच्या पुड्यांवर हजारो घरे चालतात, त्या झाडाच्या जुन्या गाभ्यात काळेभोर आबनूस असते हे मला तोवर माहीत नव्हते. बिडीचे पान आणि पियानोची काळी पट्टी एकाच कुळातली! पडद्यांच्या पट्टीला ते उत्तम. पण गाभा काळा होण्याइतका जुना तेंदू मला कुठून मिळणार?

मधल्या काळात मी मिरजेबद्दल वाचून काढले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तिथल्या शिकलगार कुटुंबांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांनी, वाद्यनिर्मिती सुरू केली. फरीदसाहेब शिकलगार हे त्यातले आद्य नाव. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळा मंगळवेढ्याच्या बाजूचा आणि दांडी तुणीच्या लाकडाची. मला गंमत वाटली ती ही, की तंबोऱ्याची दांडी आतून पोकळ असते. तारा चारच, पडदे नाहीत, आणि दांडीची रुंदी भरपूर. म्हणून पोकळ असूनही ती तोलून धरते. गिटारवाल्याला मात्र मान मुठीत मावायला हवी असते. सगळी अडचण इथेच आहे. जाडीचा नियम मोठा उदार आहे: लाकूड वीसऐवजी बावीस मिलीमीटर जाड ठेवले तर त्याचा ताठपणा दहा नव्हे, तेहतीस टक्क्यांनी वाढतो, कारण तो जाडीच्या घनाने वाढतो. पण हात घनाने वाढत नाही!

हे कागदावर कळले, पण बाबांना पटवायचे होते. म्हणून एका रविवारी आम्ही अंगणात प्रयोग केला. पंचवीस मिलीमीटर रुंद आणि बारा जाड अशा दोन पट्ट्या, एक सागाची, एक शिवणीची. दोन विटांवर, मधे अर्धा मीटर अंतर सोडून पट्टी ठेवली आणि मधोमध दहा लिटर पाण्याची बादली टांगली. सागाची पट्टी सहा मिलीमीटर वाकली, शिवणीची साडेआठ. मग सागाची तीच पट्टी उभ्या कडेवर धरून बादली टांगली, तर दीड मिलीमीटरसुद्धा वाकली नाही. आई नळाचे पाणी गेल्याबद्दल बोलत होती. बाबा मात्र काही बोलले नाहीत. त्यांनी पट्टी उचलली, अंगठ्याने ठोकली, कानाशी नेली आणि म्हणाले, "म्हणून तं वासा उभा ठेवते. हे तुले कॉलेजात सांगते का?" मी म्हणालो, "नाही बाबा, हे मी घरीच शिकलो." हे ऐकून ते जरा वेळ गप्प राहिले.

साग ठरला. पण साग म्हटले की संपले नाही. बाजारात मिळणारी लागवडीची कोवळी फळी मी दोनदा पाहून आलो. तिच्यात बाहेरचे पांढरे लाकूड फार, आणि कापलीही आडवी. झाडाच्या वर्षांची वलये फळीच्या रुंदीला समांतर असली तर ती ओलाव्याने कुबडी होते. वलये उभी असली तर सरळ राहते. कारण लाकूड वलयांच्या दिशेने जितके फुगते-आकसते त्याच्या साधारण निम्मेच आरपार दिशेने. लांबीने तर नावापुरतेच. पुण्या-मुंबईच्या माणसाला याचे महत्त्व एकदम कळायचे नाही. नागपूरचा मे महिना म्हणजे पंचेचाळीस अंशांची भट्टी. उघड्यावरच्या लाकडात ओलावा जेमतेम पाच-सहा टक्के उरतो. तेच लाकूड ऑगस्टमध्ये पंधरा-सोळा टक्क्यांपर्यंत पाणी पिते. जे लाकूड हा फेरा अनेक वर्षे भोगून बसले आहे, ज्याची आतली ओढाताण संपली आहे, तेच विश्वासाचे.

आणि तसे एक लाकूड आमच्या घरात होते.

बाबांच्या पलंगाखाली फडक्यात गुंडाळलेला सहा फुटांचा तुकडा आहे, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. आजोबांनी गावच्या आपल्या घराला स्वतः केलेल्या चौकटीचा तो एक उभा. चार इंच बाय अडीच इंच, वलये सरळ उभी, एका टोकाला आडव्याची साल, तिच्या शेजारी आजोबांनी पटाशीने केलेली दोन रेघांची खूण. घर पाडून घरकुल बांधले तेव्हा भावांच्या वाटणीत बाबांना जे मिळाले त्यात हा होता. स्वतःचे घर झाले की त्याच्या दाराला हा लावायचा, असे ते म्हणत. मी बोललो नाही. पण माझी नजर पलंगाखाली जाते हे त्यांनी ओळखले असावे. पंधरा दिवस आमच्यात लाकडाचा विषय निघाला नाही. मला मनातून सारखे वाटे, की ज्या वाद्याचे आपल्या सात पिढ्यांनी नाव ऐकले नाही, त्यासाठी आजोबांची चौकट कापायची? बाबांच्या घराचे दार माझ्या हौसेत घालायचे? हौस ही गरिबाच्या घरात नेहमी कुणाच्या तरी वाट्यातून येते, हे मला पुरते ठाऊक आहे. मी शिवणीचा एक तुकडा पाहून ठेवला आणि त्यावर समाधान मानायचे ठरवले.

दिवाळीनंतर एका सकाळी मी उठलो तेव्हा तो उभा अंगणात दोन विटांवर ठेवलेला होता. बाबा त्यावर खुणा करत होते.

"बाबा, हे दारासाठी होते ना?"

"दाराले दोन उभे लागते," बाबा म्हणाले. "दुसरा तुह्या काकाकडे गेला, त्याचा त्यानं गोठा केला. एका उभ्याची चौकट होत नाही. अकरा वर्षं झाली, मले हे समजत नव्हतं असं वाटते का तुले?"

यावर मी काय बोलणार? त्यांनी करवत माझ्या हाती दिली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. "खुणेच्या भाईर चाल," एवढेच म्हणाले. अडीच फूट कापायला मला पाऊण तास लागला. बाबांना पाच मिनिटे लागली असती.

आता राहिला मजबुतीचा प्रश्न, आणि इथे आमचे खरे भांडण झाले. लाकूड कितीही चांगले असले तरी सततच्या ताणाखाली ते हळूहळू वाकत जाते. जुन्या स्पॅनिश पद्धतीच्या नायलॉन तारांच्या गिटारीत काही न घालताही भागत असे. लोखंडी तारा आल्या आणि कारागिरांना आधार शोधावा लागला. अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने आधी आबनुसाची पट्टी घातली, १९३४ पासून टी-आकाराची पोलादी पट्टी. आणि फिरवून कमी-जास्त करता येणारा दांडा त्यांनी थेट १९८५ साली स्वीकारला. तसा दांडा गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू या कामगाराने कधीच शोधला होता. त्याचे पेटंट मंजूर झाले १९२३ साली, म्हणजे आपले नागपूर विद्यापीठ स्थापन झाले त्याच वर्षी. या दांड्याला ट्रस रॉड म्हणतात. तारा मानेला पुढे ओढतात, दांडा तिला मागे ओढतो. टोकाची चाकी किल्लीने पाव फेरा फिरवली की मान हलते. आता कार्बनच्या धाग्यांच्या पट्ट्याही निघाल्या आहेत. हलक्या आणि अतिशय ताठ, पण एकदा चिकटवल्या की फिरवता येत नाहीत.

बाबांचे म्हणणे, लाकडाच्या पोटात लोखंड घालणे म्हणजे त्याचा अपमान. "खाच पाडली का लाकूड गेलं. मंग लोखंडच वाजव ना!" त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. सहा मिलीमीटर रुंद आणि दहा मिलीमीटर खोल खाच पाडली की मान तेवढी कमजोर होतेच. शिवाय बऱ्याच लाकडांतल्या आम्लाने लोखंड गंजते. मी त्यांना मुंबईच्या गोदीत १८१७ साली बांधलेल्या 'ट्रिंकोमाली' जहाजाची गोष्ट सांगितली. ते सागाचे आहे, आणि इंग्लंडच्या हार्टलपूल गावी अजून पाण्यावर आहे. सागाच्या तेलकटपणात लोखंड सुखाने नांदते, म्हणूनच जहाजवाल्यांना तो हवा असे. जहाजाचा बाबांवर परिणाम झाला नाही. मग मी आजोबांनाच मदतीला बोलावले. म्हटले, "बैलगाडीचे चाक आजोबा तुंबा, आरे घालून लाकडाचे करायचे. मग वरून धाव कशाला चढवायचे?"

धाव म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी. ती भट्टीत लाल करून चाकावर बसवतात आणि पाणी ओततात. थंड होताना ती आकसते आणि सगळे सांधे आवळून धरते. ट्रस रॉड दुसरे काय करतो? धाव बाहेरून आवळते, हा आतून. शिवाय धाव सैल झाली तर पुन्हा भट्टी पेटवावी लागते, इथे एक किल्ली पुरते. बाबा बराच वेळ विचार करत बसले. मग म्हणाले, "धाव चढवाची तं चाक पहिले कोरडं लागते. हे ध्यानात ठेव." म्हणजे मंजुरी मिळाली.

काम असे झाले. अडीच फुटांच्या तुकड्याचे लांबीने दोन भाग केले, एक भाग उलटा फिरवला, म्हणजे एक डावीकडे पिळू पाहील तर दुसरा उजवीकडे, आणि दोघांची रस्सीखेच बरोबरीत सुटेल. मधे दहा मिलीमीटरची शिसवीची पट्टी घातली. ती एका मोडक्या पलंगाच्या पायातून निघाली. पडद्यांची पट्टीही त्याच पायाची. सुताराचा रोजचा पांढरा सरस इथे चालत नाही; सततच्या ताणाने आणि नागपुरी उन्हाने तो हळूहळू सरकतो. म्हणून दोन भागांचा, कडक होणारा इपॉक्सी वापरला. साग तेलकट, त्यामुळे ताजा रंधा मारून, थिनरने पुसून, लगेच चिकटवावा लागतो. त्याच्यात वाळूचा अंशही असतो. रंध्याची धार तीनदा लावावी लागली. दांडा एका लेथवाल्याने करून दिला: पाच मिलीमीटरच्या दोन सळया, दोन्ही टोकांना पितळेचे तुकडे. मानेला मागून गोलाई दिली ती बाबांनी. ते हात फिरवायचे, डोळे मिटायचे आणि कानस एकाच जागी दोनदा मारायचे. मोजपट्टी माझ्याकडे होती. त्यांनी ती एकदाही मागितली नाही.

पडदे बसवायला आणि तारा चढवायला जानेवारी उजाडला. तारा दोन स्वर उतरवून लावल्या आहेत. तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर दाबून धरली, की सातव्या पडद्याचा माथा आणि तार यांच्यात पोस्टकार्डाच्या जाडीइतकी फट असावी लागते. मान अगदी सरळ असली तर तारा पडद्यांवर खडखडतात. मला ही गोष्ट फार आवडली. ताठ मानेलाही थोडा बाक लागतो! आमच्या गिटारीत ती फट आज पोस्टकार्डाइतकीच आहे. मला अजून तीनच कॉर्ड येतात, त्यातला एक बोटांना फार दुखवतो. बाबांना त्यातले संगीत कळत नाही असे ते म्हणतात, पण मी वाजवायला बसलो की रेडिओ बंद करतात.

हा लेख छापून येईल तोवर उन्हाळा सुरू झालेला असेल. मग मे, आणि मग ऑगस्ट. लाकडाची परीक्षा विद्यापीठाच्या परीक्षेसारखी तीन तासांत संपत नाही. रोज सकाळी कामावर निघण्याआधी बाबा गिटार उचलतात, एक डोळा मिटून मानेच्या लांबीने पाहतात आणि काही न बोलता परत ठेवतात. किल्ली अजून एकदाही फिरवावी लागलेली नाही. चौकटीचा उरलेला साडेतीन फुटांचा तुकडा, आजोबांच्या दोन रेघांसकट, पुन्हा फडक्यात गुंडाळून पलंगाखाली गेला आहे. त्याचे काय करायचे हे आम्ही अजून ठरवलेले नाही. पण ते ठरवताना आता बाबा मलाही विचारतील, एवढे मला नक्की ठाऊक आहे.